पंच्याऐंशीची रेघ

गुरुवार पेठ आजही हिरवी दिसत होती.

हेमलता सोनटक्केने समोरच्या भिंतीएवढ्या नकाशाकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाची शीर तडतडली. हिरवी कसली डोंबलाची! त्याच पेठेत तिचं घर होतं. सकाळी नळाला जे आलं त्याला पाणी म्हणायला जीभ रेटत नव्हती. दोन घरं सोडून राहणारी रूपाली आठव्या महिन्यात कावीळ होऊन सरकारी दवाखान्यात पडली होती. पेठेत घरटी एक तरी पिवळ्या डोळ्यांचं माणूस होतं. पण नकाशावर पेठ हिरवीगार. हिरवी म्हणजे सुखी, आणि सुखी माणसांना काही पाठवायची गरज नसते.

तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात टेकडी वस्ती पिवळी झाली, मग नारिंगी. तिथले रस्त्यावरचे दिवे बरेच दिवस बंद होते. शेवटी वैतागून कुणीतरी कचराकुंडी पेटवली होती. आकडा साठ, सत्तर, ऐंशी करत चढला, पंच्याऐंशीच्या रेघेला टेकला आणि यंत्रणेनं कुणालाही न विचारता कामाचा हुकूम काढला. दिव्यांची गाडी निघाली. संध्याकाळी टेकडीवर लख्ख उजेड होता आणि हेमा घरी येऊन काविळीच्या पाण्याचा हंडा गॅसवर चढवत होती.

यंत्रणेचं नाव होतं समाधान. सातवड महानगरपालिकेनं ती बसवली तेव्हा हेमा तिथं नव्यानं लागलेली, आणि खरं सांगायचं तर तिला तेव्हा त्या यंत्रणेचा अभिमानच वाटला होता. कल्पना साधी होती. माणूस चिडला की त्याचा श्वास बदलतो, तोंडाकडे रक्त धावून चेहरा तापतो, आवाजाला धार येते, पाऊल जड पडतं आणि त्वचेतून निघणाऱ्या वाफेत काही द्रव्यं वाढतात. म्हणजे रागाला चक्क वास असतो. यातलं एकेक लक्षण फसवं. भजी तळणाऱ्याचाही चेहरा तापतो आणि बसमागे धावणाऱ्याचाही श्वास फुलतो. पण सगळी लक्षणं एकदम आली आणि शेकडो माणसांत एकाच वेळी आली, की चूक होत नाही. दर दिव्याच्या खांबावर ही लक्षणं टिपणारी डबी बसवली होती. लोक या डब्यांना नाकाडे म्हणत.

हा झाला यंत्राचा अर्धा भाग. उरलेला अर्धा ऐकून मात्र तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली होती. यंत्राला शहराचा वीस वर्षांचा इतिहास वाचायला दिला होता: लोकांच्या तक्रारी, झालेली कामं, बातम्या, पोलिसांचे अहवाल. विचारलं होतं, कुठल्या तक्रारीचं काम होतं ते शोधून काढ. साहेबांना वाटलं, यंत्र म्हणेल ज्याची गरज मोठी त्याचं, नाहीतर ज्याचा अर्ज आधी त्याचं. यंत्रानं सांगितलं, अर्जांचा आणि कामाचा काही संबंध सापडत नाही. जिथं काही जळतं, फुटतं, तिथं काम होतं.

आता यात यंत्राची काय चूक? त्यानं आरसा दाखवला. पण साहेबलोक हुशार. ते म्हणाले, ठीक आहे, जळल्यावर द्यायचंच आहे ना, मग जळायच्या किंचित आधी देऊ. बस जाळल्याच्या खर्चात दोन रस्ते होतात. आणि माणसाचा हात लागला की वशिला आलाच, म्हणून नियम केला की कामाचा हुकूम फक्त समाधान काढेल, त्यात कुणी बोट घालायचं नाही. माणसांच्या हाती एकच बटण ठेवलं, पोलिसांचं; ते दाबल्याशिवाय चौकीतला शिपाईही हलायचा नाही. पोलीस आले की गर्दी घाबरते, भीतीचा वास वेगळा असतो, राग खाली बसतो आणि आकडाही.

त्यानंतर सातवडला मोठी दंगल म्हणून झाली नाही. बाहेरगावचे लोक यंत्रणा बघायला यायचे, चहा घेऊन जायचे. सगळं कसं अगदी पटण्यासारखं होतं.

फक्त ज्यांना चिडता येत नव्हतं त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही.

आणि गुरुवार पेठेला चिडता येत नव्हतं. ही शिंप्यांची, कारकुनांची, निवृत्त मास्तरांची पेठ. इथं भांडणसुद्धा "तुमचा मान राखून सांगतो" असं म्हणून सुरू व्हायचं. पाण्यासाठी पेठेचं आंदोलन चालू होतं, आणि त्याचे पुढारी होते हेमाचे वडील, अण्णा. वॉर्ड ऑफिससमोर छोटा मांडव, त्यात घरून आणलेल्या खुर्च्या, दंडाला काळ्या फिती. अधिकारी बाहेर आला की अण्णा उठून नमस्कार करायचे आणि कुणीतरी त्याच्या हातात चहाचा कप द्यायचं, कारण दारात आलेल्या माणसाला चहा न देणं म्हणजे पेठेच्या अब्रूचा प्रश्न. दुपारी जेवणाची सुट्टी. जेवणानंतर वामकुक्षी, मग पुन्हा आंदोलन. खांबावरच्या नाकाड्यानं हे सगळं नीट हुंगलं होतं आणि नोंद केली होती: कौटुंबिक समारंभ.

"कौटुंबिक समारंभ!" हेमा साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. "देशमानेसाहेब, बायका मरतील हो तिथं. साधी कावीळ नाही ही. गरोदर बाईला झाली तर जीव घेते. पाण्याची वाहिनी आणि गटार एकाच चरात आहेत, दोन्ही कुजलेत. पाणी बंद केलं की वाहिनी रिकामी होते, आत ओढ लागते, आणि ती गटारातलं पाणी शोषून घेते. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली की तेच आमच्या हंड्यात. वाहिनी बदलल्याशिवाय सुटका नाही."

देशमाने वाईट माणूस नव्हता. तोच तर त्रास होता, वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. "मॅडम, मला कळतंय," तो म्हणाला. "पण हुकूम मी काढू शकत नाही, आयुक्त काढू शकत नाहीत. आकडा किती आहे पेठेचा?"

"बावीस."

"बावीस! अहो, लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला उशीर झाला तरी चाळीस होतो." त्यानं कपाळाला हात लावला. "तुमच्या लोकांना जरा चिडायला सांगा ना."

घरी हेमाचा भाऊ प्रसन्न वाटच बघत होता. आईबापांनी नाव प्रसन्न ठेवलं आणि पोरगं निघालं तापट, पेठेतला एकुलता एक. त्याची बायको सायली सातव्या महिन्यात होती. तिला माहेर नव्हतं, आईवडील दोघंही गेलेले, म्हणून बाळंतपण इथंच व्हायचं होतं. हेमानं लग्न केलं नव्हतं. या घरात येणारं हे पहिलं बाळ, आणि त्याची आत्या आपण, या विचारानं ती ऑफिसातसुद्धा अधूनमधून उगाच हसायची. सायलीच्या रक्ताची तपासणी ती दर आठवड्याला करून आणायची आणि कागद दवाखान्याच्या पायरीवरच उघडून बघायची. अजून तरी सगळं ठीक होतं.

"जारचं पाणी दे तिला," हेमा चपला काढता काढता म्हणाली.

"जारचं?" प्रसन्न उसळला. "तो जारवाला कुठं भरतो माहितेय? आपल्याच वाहिनीवर! मी आज डोळ्यांनी बघून आलो. रूपाली तेच पाणी विकत घेऊन पीत होती, चांगलं म्हणून!"

हेमा पाटावर बसली. गेला महिनाभर घरात तोच जार येत होता. सायली आत उकळलेलं पाणी गाळत होती, तिच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

"सायली, तू कुठंतरी जा बाई," हेमा म्हणाली. "मी खोली बघते दुसऱ्या भागात."

"आणि रूपालीची जाऊ? तीपण पाचव्यात आहे," सायली म्हणाली. "गल्लीत आम्ही चौघी आहोत, ताई. चौघींना खोल्या बघणार का तुम्ही?"

प्रसन्न हेमासमोर उकिडवा बसला. "ताई, तू रोज तो आकडा बघतेस. सरळ सांग, किती लागतं? टायर किती, माणसं किती, काचा किती?"

"दंगल म्हणजे काय चहा आहे का, साखर किती घालू विचारायला!"

"टेकडीवाल्यांनी कुंडी जाळली, त्यांना दिवे आले. आपण तीन महिने खुर्च्यांवर बसलो, आपल्याला काय आलं? मूळव्याध!"

"प्रसन्न!" अण्णा ओसरीवरून म्हणाले. ते आत आले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "कुंडी जळली तेव्हा शेजारच्या टपरीचं छतही जळालं. ती टपरी कुणाची होती, विचारलंस? दिवे सगळ्यांना आले, छत एकाचं गेलं. आग लावणाऱ्याचं कधीच जळत नाही, ते दुसऱ्याचं जळतं. हा हिशेब मला मान्य नाही."

"मग रूपालीचा हिशेब कुठं मांडायचा, अण्णा? ती कुणाच्या बाजूला धरायची?"

पोरगा चुकीचा नव्हता आणि बापही चुकीचा नव्हता, आणि हेमाला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटत होती. शेवटी ती वैतागून म्हणाली, "टायर. नुसते टायर, मोकळ्या जागी, कुणाच्या अंगाला धग लागणार नाही असे. आणि घसा फाटेपर्यंत ओरडा. बास. एवढ्यावर काम झालं पाहिजे."

झालं! रविवारी गुरुवार पेठेनं दंगल केली. काय वर्णावी ती दंगल! आधी कुणीतरी चौकीत जाऊन रीतसर परवानगी काढली. टायर पंक्चरवाल्याकडून विकत आणले, पावती घेतली. स्कूटरी लोकांनी आपण होऊन हलवल्या, रांगोळीवर टायर नको म्हणून ते चार वेळा सरकवले. कुणाच्या तरी पोरानं ढोल आणला. घोषणा द्यायला उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसायला लागल्या, कारण जन्मात कुणी ओरडलेलं नव्हतं. शिंपीआळीतून ताकाची कळशी आली, मागून भडंग. टायरांचा काळा धूर आभाळात चढला आणि खाली माणसं भडंग खात उभी राहिली. अण्णा तेवढे ओट्यावर पाठ करून बसले होते.

हेमा त्या दिवशी कामावर होती. तिनं आकडा बघितला. अठ्ठावीस. तो हळूहळू उतरत अठरावर आला. पेठ इतकी हिरवी तिनं कधीच पाहिली नव्हती. खाली नोंद उमटली: उत्सव, गर्दी मध्यम. आणि उत्सवाच्या गर्दीला लागतं ते समाधाननं तत्परतेनं पाठवून दिलं, एक फिरतं शौचालय.

ते शौचालय बघून प्रसन्नचं डोकं असं फिरलं की त्यानं त्याला लाथ घातली आणि अंगठ्याचं नख उखडून घेतलं. रात्री हेमा त्याला हळद लावत होती आणि तो बोलत होता, "नाटक करून भागत नाही, ताई. तुझं यंत्र बरोबर आहे. आपण खरे चिडलेलोच नाही."

"अरे पण चिडायला काय लागतं मग?" हेमा म्हणाली.

ते दोनच दिवसांत कळलं. मंगळवारी दुपारी रूपाली गेली, पोटातलं बाळही गेलं.

तिला पोचवून माणसं परत येत होती तेव्हा हेमा नकाशासमोर बसली होती. रजा मागितली होती, देशमानेनं दिली नव्हती, माणूस कमी म्हणून. तिनं पेठेचा कॅमेरा लावला. कुणी ओरडत नव्हतं. ढोल नाही, घोषणा नाही, माणसं नुसती गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबत होती आणि घरात शिरत नव्हती. आकडा मात्र हलला होता. एकसष्ट. अडुसष्ट. पेठ पिवळी झाली, तिच्या जन्मात पहिल्यांदा.

आणि नेमका त्याच वेळी पाणी सोडायला रंगनाथ आला.

रंगनाथ चावीवाला. कमरेइतक्या उंच लोखंडी चावीनं रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून पेठेला पाणी सोडणारा. वीस वर्षं तोच यायचा. पोरं त्याच्या मागे धावायची, बायका विचारायच्या, "भाऊ, आज किती वेळ?" पाणीखात्याची जीप त्याला कोपऱ्यावर सोडून थांबली. तो खाली उतरला, गर्दी कसली म्हणून क्षणभर बघत राहिला, आणि सवयीनं झाकण उचलायला वाकला.

"सोडू नको," कुणीतरी म्हणालं.

"वेळ झाली ना," रंगनाथ म्हणाला. "नाही सोडलं तर तुम्हीच मला बोलाल."

त्याला रूपालीचं कळलंच नव्हतं. हेमाला पडद्यावर त्याचे ओठ दिसत होते, आवाज दिसत होता रंगीत रेघेत, आणि तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो रंगनाथभाऊ, चावी टाका आणि पळा. लोकांनी त्याला घेरलं. प्रसन्ननं त्याच्या हातातली चावी हिसकली. मागे जीपला धक्के बसले, ड्रायव्हर उडी टाकून पळाला, जीप उलटली आणि पेटली. पंच्याहत्तर. एकोणऐंशी. ब्याऐंशी.

देशमाने मागे येऊन उभा होता. "मॅडम, पोलीस पाठवा. चौकी कोपऱ्यावरच आहे, दोन मिनिटांत पोचतील."

बटण हेमाच्या उजव्या हाताखाली होतं. तिनं बोट त्यावर ठेवलं.

त्र्याऐंशी.

आता दाबलं तर शिट्ट्या वाजतील, माणसं पांगतील, रंगनाथ सुटेल. आकडा धाडकन पन्नासावर येईल. उद्या मांडवात पुन्हा खुर्च्या लागतील, पेठ पुन्हा हिरवी होईल. नळाला तेच पाणी येईल. सायलीला आठवा लागेल. हे सगळं हेमाला गणित मांडल्यासारखं स्वच्छ दिसलं. दोन. फक्त दोन अंक कमी होते.

"मॅडम?"

"बघते, साहेब. वाढेल असं वाटत नाही." आपला आवाज इतका शांत कसा निघाला याचं तिला नवल वाटलं.

चौऱ्याऐंशी.

गर्दीतून रूपालीचा नवरा शेखर पुढं आला. अंगावर अजून स्मशानातलीच ओली बंडी. त्याच्या हातात फरशीचा तुकडा होता. रंगनाथनं त्याला ओळखलं आणि दोन्ही हात जोडले. ते जोडलेले हात हेमानं बघितले. बोट तिथंच होतं. शेखरनं फरशी फेकली. रंगनाथ तोंड धरून खाली बसला आणि गर्दीतून असा आवाज उठला की पडद्यावरची रेघ वर जाऊन चौकटीबाहेर निघून गेली. आकड्यानं उडी मारली. एक्याण्णव.

समाधाननं हुकूम काढला: गुरुवार पेठ, नवी जलवाहिनी, तातडीने.

मग हेमानं बटण दाबलं.

काम बघून लोकांची बोटं तोंडात गेली. दुसऱ्याच दिवशी रस्ता खणायला यंत्रं आली, गटारापासून लांब, दुसऱ्या बाजूनं निळी वाहिनी पडली. आठवडा संपायच्या आत नळाला असं पाणी आलं की तांब्याच्या तळावरचं नाव वाचता यावं. शेखरला पोलिसांनी नेलं, मग पुरावा नाही म्हणून सोडलं. पेठेत कुणी काही पाहिलेलंच नव्हतं. रंगनाथचा डावा डोळा गेला.

प्रसन्न ते पाणी ओंजळीनं तोंडावर मारत म्हणाला, "बघा अण्णा. तीन महिन्यांत झालं नाही ते तीन तासांत झालं."

"झालं खरं," अण्णा म्हणाले. "मी पण तेच पितोय." त्यांनी पेला खाली ठेवला आणि हेमाकडे पाहिलं. "चौकी कोपऱ्यावर आहे. पोलिसांना यायला एवढा वेळ का लागला, हेमा?"

हेमानं पेला उचलला आणि विसळायला घेतला. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. सायलीचे कागद मात्र दर आठवड्याला स्वच्छ येत राहिले. सायलीला मुलगी झाली, तीन किलोला थोडी कमी, फुलासारखी. हेमानं तिला हातात घेतलं तेव्हा तिला वाटलं, केलं ते बरोबर केलं. घरी येताना रस्त्यात रंगनाथ दिसला, डोळ्यावर पट्टी, एका हातानं खांब चाचपत चालणारा, आणि तिला वाटलं, आपण जनावर आहोत. ही दोन्ही मतं दिवसातून दहा वेळा आळीपाळीनं यायची आणि एकही टिकायचं नाही. नुसता जीव कावून जायचा.

बारशाच्या आदल्या दिवशी टेकडी वस्ती पुन्हा नारिंगी झाली. तिथल्या दवाखान्याला डॉक्टर नव्हता, ताप पसरला होता. लोकांनी कुंडी जाळली, बसची काच फोडली. आकडा पंच्याऐंशीला आला, पुढं गेला, सत्त्याऐंशी झाला. हेमा हुकुमाची वाट बघत राहिली. हुकूम निघेना.

"साहेब, हे अडकलंय का?"

देशमानेनं पडद्यावर बघितलं. "अडकलं नाही. शिकलंय." तो ओशाळून म्हणाला. "काटकसरी आहे ना ते. पंच्याऐंशीला लोकांनी आजवर कुंड्या आणि टायरच जाळले. माणूस पडला तो फक्त तुमच्या पेठेत, आणि तेव्हा आकडा एक्याण्णव होता. म्हणजे खरा धोका एक्याण्णवला. त्याआधी खर्च कशाला करायचा? रेघ तिथं सरकली आपोआप."

नव्वदच्या पुढची जागा तिनं पाहिली होती. तिथं जायच्या वाटेवर जोडलेले हात होते.

"खाली आणा ती," ती म्हणाली. "खाली आणा ती रेघ!"

"कोण आणणार? बोट घालायचं नाही असा नियम आहे."

फोन वाजला. टेकडीवरून कुणी बाई बोलत होती, दम लागलेला, मागे आरडाओरडा. "मॅडम, कुंडी जाळली, काच फोडली, अजून काय करायचं सांगा ना. पोरं तापानं फणफणलीत. किती लागतं तुम्हाला?"

हेमानं फोन ठेवला आणि बटण दाबलं. या खेपेला लगेच दाबलं. पोलीस गेले, लोक पांगले, टेकडीवर कुणाला साधं खरचटलंही नाही. आणि डॉक्टरही गेला नाही. संध्याकाळपर्यंत टेकडी हिरवी झाली. देशमाने म्हणाला, "छान हाताळलंत," आणि हेमाला समोरचा पेपरवेट त्याच्या टकलावर आपटावासा वाटला.

बारशाला सगळी पेठ लोटली. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास, बायकांची ही गर्दी. नव्या नळाचं पाणी भांड्याभांड्यांनी फिरत होतं. शेखर कोपऱ्यात मान घालून उभा होता. सायलीनंच त्याला बोलावलं होतं. आणि ऐन वेळी दारात रंगनाथ आला. डोळ्यावर काळी पट्टी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झबलं.

"या, रंगनाथभाऊ," अण्णा उठून म्हणाले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची त्याला दिली.

रंगनाथ बसला नाही. तो हेमापाशी आला. "ताई, तुमच्या खोलीत सगळं दिसतं म्हणतात," तो हळूच म्हणाला. "माझी एक शंका होती. नाव नको मला कुणाचं. फक्त एवढंच, मी खाली पडलो त्याच्या आधी पोलिसांना निरोप गेला होता का? बायको म्हणते, तुला मरायला सोडलं. मी म्हणतो, तसं कसं होईल, आपलीच माणसं आहेत, ताई तिथं बसलेल्या."

हेमाला अण्णांची नजर जाणवत होती. पाळण्यात मुलगी चुळबुळत होती, गुलाबी, निरोगी, पांढऱ्याशुभ्र डोळ्यांची.

"नव्हता गेला," ती म्हणाली. "मी पाठवला नाही."

रंगनाथ तिच्याकडे एका डोळ्यानं बघत राहिला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं पाळण्याकडे पाहिलं, मग नळाकडे, आणि हातातलं झबलं पाळण्याच्या काठावर ठेवलं.

"अगं हेमा, चल की! मुहूर्त टळतोय!" मागून बायका ओरडल्या. त्यांना काही ऐकू गेलेलं नव्हतं. "आत्याबाईंना वाकवा!"

हेमा वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं कुर्रर्र केलं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत बुक्के घालायला सुरुवात केली, हलकेच, लाडानं, या पेठेत सगळं करतात तसं. नाव सांगायचं होतं. तिनं ते सांगितलं नाही.

"जोरात मारा," ती म्हणाली.

बायका खिदळल्या.

"अगं, जोरात मारा ना!" हेमा किंचाळली. तिचे दोन्ही हात पाळण्याच्या कडेला घट्ट धरलेले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मारा! कुणाला येत कसं नाही जोरात मारता!"

आत्याला आनंदानं भरून आलंय असं सगळ्यांना वाटलं. कुणीतरी पेढा तिच्या तोंडात कोंबला. बाहेर खांबावरच्या नाकाड्यानं नोंद केली, उत्सव, आणि थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी एक फिरतं शौचालय येऊन उभं राहिलं.